कुलपातला सीडी प्लेअर

आमच्या गाडीतला सीडी प्लेअर बरीच वर्षं कुलपात होता. दागिने कपाटात, लोणचं फडताळात आणि गाणी कुलपात, अशी आमच्या घरची व्यवस्था. किल्ली ह्यांच्या शर्टाच्या खिशात. म्हणजे गाडी चालवणार मी, आणि गाडीत काय वाजणार ते ठरवणार आमचे हे. ही व्यवस्था मी कशी मोडली ते सांगायला बसले आहे. बढाई वाटली तर वाटू दे. सत्तरी ओलांडलेल्या बाईने बढाई मारायची नाही तर कोणी मारायची?

पण आधी त्या दुसऱ्या बाईबद्दल सांगायला हवं, जिच्यामुळे तो कुलपात गेला. ती बाई म्हणजे मीच, पन्नाशीतली. तिला मी हल्ली फारशी ओळख दाखवत नाही. शाळेत शिकवायची, खळ घातलेली सुती साडी नेसायची, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी तिची समजूत होती. दारात कोणीतरी वापरून झालेली चारचाकी आली तेव्हा तिने जाहीर केलं की मीही चालवणार. तेवढं एक मात्र तिने चांगलं केलं.

शिकवलं ह्यांनी, मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या रस्त्यांवर, रविवारी सगळं बंद असताना. हे मूळचे खेडच्या आतल्या गावातले, शेतकरी घरातले. बैल दमला की नाही ते त्याच्या श्वासावरून ओळखणारी माणसं. गाडीसुद्धा त्यांनी तशीच शिकवली.

"काट्याकडे बघू नको," म्हणायचे. "कानाने चालव. इंजिन रडायला लागलं की खालचा गिअर, किंचाळायला लागलं की वरचा. डोळे रस्त्यावर, कान बॉनेटात."

आता कानाने गाडी चालवणाऱ्या बाईने गाडीत गाणं बसवून घ्यावं का? पण हिला सीडी प्लेअर हवा होता. गाडीत होता तो साधा कॅसेटवाला, आणि कॅसेटी ऐकणारे लोक हिच्या मते मागे राहिलेले. तो उपटून तिथेच, स्टिअरिंग आणि ह्यांच्या बाजूच्या मधोमध, हिने चकचकीत सीडी प्लेअर बसवून घेतला. वर सतारीची सीडी आणली. सतारीतलं हिला ओ की ठो कळत नव्हतं. पण बाजारात गाडी उभी करायची, काचा खाली घ्यायच्या, आणि सतार वाजती ठेवून कोथिंबीर आणायला जायचं. परत येईपर्यंत कोणीतरी ओळखीचं गाडीशी थबकलेलं असावं, ही मनीषा. एकदाच थबकलं. शाळेतली दुसरी शिक्षिका होती. म्हणाली, "बाई, बरं झालं आलात. तुमच्या गाडीत काहीतरी तुटतंय वाटतं."

तरी सतार बंद झाली नाही. ती बंद झाली आरे-वाऱ्याच्या चढणीवर.

मे महिना, टळटळीत दुपार. हे जेवून शेजारच्या सीटवर घोरत होते. आऱ्याचा किनारा मागे टाकून मी चढणीला लागले. पहिला गिअर टाकला, गाडी चढू लागली, आणि सतारही चढू लागली. द्रुत लय म्हणतात ती. आवाज वाढला, आणखी वाढला, पार टिपेला गेला. मला वाटलं, काय रंगात आलाय वादक! मी मानसुद्धा डोलावली. वादक कसला, इंजिन किंचाळत होतं. वरच्या गिअरची वाट बघून बघून बिचारं घशाला कोरड पडेपर्यंत ओरडलं, आणि शेवटी बॉनेटमधून धूर काढून गप्प बसलं. सतार चालूच.

हे दचकून उठले. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "समोर धुकं आहे."

मे महिन्यात, भर दुपारी, धुकं.

ह्यांनी खाली उतरून बॉनेट उघडलं, वाफ जाईतो थांबून रेडिएटरचं झाकण फडक्याने काढलं, आणि पाणी बघायला खालच्या घरांकडे गेले. जाताना म्हणाले, "कशाला हात लावू नको." हे त्या बाईला सांगून उपयोग नव्हता. तिने विचार केला. शिकलेली ना ती! गाडीला ऊन बाधलंय. अंगात उष्णता झालीय. उष्णतेवर काय देतात, ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पिशवीत थर्मास होता कोकम सरबताचा, साखर-जिरं-मीठ घातलेला. तिने तो सगळा रेडिएटरला पाजला.

हे कळशी घेऊन आले तेव्हा गाडीखाली गुलाबी थेंब पडत होते.

"रक्त येतंय?" हे म्हणाले.

"कोकम आहे," मी म्हटलं. "थंड पडतं."

ह्यांनी कळशी खाली ठेवली आणि कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसले. भांडले असते तर बरं झालं असतं.

निकाल घरी आल्यावर लागला. "गाणं नाही तर गाडी. एका वेळी एक." दुसऱ्याच आठवड्यात सीडी प्लेअर मधल्या जागेवरून निघाला आणि डावीकडे, शेजारच्या सीटसमोरच्या खणात गेला. खणाला झाकण, झाकणाला कुलूप. कारण सांगितलं चोरीचं. रत्नागिरीत कोण चोरणार होतं सतार? मधल्या रिकाम्या भोकात ह्यांची सुपारीची डबी, अडकित्ता आणि चष्मा राहायला आले.

वाटलं होतं, खणात गेलेलं गाणं कायमचं गेलं. तर नाही. काही दिवसांनी ह्यांनीच खण उघडला आणि स्वतः आणलेली सीडी घातली. कीर्तन! एकच बुवा, एकच आख्यान. बाजारात जाताना पूर्वरंग, येताना उत्तररंग. सुरुवातीला माझं काही बिघडलं नाही, कारण तेव्हा गाडी बहुतेक वेळा हेच चालवायचे आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे. पण मग ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, आणि ह्यांनी आपण होऊन स्टिअरिंग सोडलं. गाडी सगळी माझ्याकडे आली. मासळी, बँक, डॉक्टर, लग्नं, मयतं, सगळीकडे मीच नेणार. आणि शेजारी बसून खिशातून किल्ली काढून हे बुवांना मोकळं करणार.

एक दिवस मासळी घेऊन येताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मी गाडी बाजूला घेतली.

"अहो, हे काय वाजतंय?"

"कीर्तन. का गो?"

"आणि गाडी कोण चालवतंय?"

"तू."

"मग गाणं नाही तर गाडी, त्याचं काय झालं?"

हे सुपारी चघळत राहिले. मग म्हणाले, "कीर्तनाचं वेगळं. बुवा मधे मधे श्वास घेतात. तेवढ्यात इंजिन ऐकू येतं."

मी गाडी चालू केली. पण त्या दिवसापासून मला चैन पडेना. कारण नुसता वाद नव्हता तो. माझे गुडघे बोलू लागले आहेत. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे आताशा डोळ्यांत पसरतात. अजून किती वर्षं हे स्टिअरिंग माझ्या हातात राहणार कोण जाणे. ते आहे तोवर माझी गाडी, माझा रस्ता आणि माझं गाणं, हे तिन्ही एकत्र एकदा तरी मला मिळायला हवं होतं. दुसऱ्याच्या किल्लीने नाही.

मुंबईच्या नातीला फोनवर सांगितलं तर ती हसली. "आजी, तो डबा फेक गं. फोनवर लाव ना गाणी, ब्लूटूथने."

"फोनवर मधेच तुझ्या बापाचा फोन येतो," मी म्हटलं. "आणि डबा का फेकू? तो बिघडला नाहीये. चुकीच्या जागी आहे फक्त."

राहता राहिला प्रश्न, माझं गाणं कोणतं? सतार केव्हाच उतरली होती मनातून. गाणं मला सापडलं ह्यांच्या गावी, शिमग्याला. नणंदेच्या ओसरीवर तिच्या मुलाने एक सीडी लावली, गावातल्या जाखडीच्या मंडळाची. जाखडी म्हणजे पायात चाळ बांधून, गोल धरून, ढोलकीवर नाचायचा नाच. एका बाजूने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्या बाजूने गाण्यातूनच ते फोडायचं, आणि फोडता फोडता समोरच्याची यथेच्छ रेवडी उडवायची. पन्नाशीतली ती बाई असती तर तिने नाकाला पदर लावला असता. मी मात्र पोळ्या लाटता लाटता लाटणं आपटत होते.

नणंद माझ्या कानाशी आली. "आवडतंय ना? तुझा नवरा काय नाचायचा माहितेय? पोरगा असताना गोलात पहिला तोच. कोडं फोडण्यात त्याच्यापुढे कोणी उभा राहात नव्हता. मग ऑफिसात लागला, इस्त्रीची पँट आली, नि पाय गप्प झाले."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुला कसं बोलणार? तू शाळेतली बाई!"

ती सीडी मी पदराखालून घरी आणली. आता माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, गाणं. आणि दुसरी, ह्यांच्याबद्दलची बातमी. दुसरी जास्त कामाची होती.

घरी आल्यावर सकाळच्या चहाला मी सीडी टेबलावर ठेवली. "ही लावायची आहे गाडीत. मी चालवताना. आणि प्लेअर मधल्या जागेवर हवा, माझ्या हाताशी."

ह्यांनी सीडी उलटसुलट केली. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "जाखडी? ह्यात बुवा श्वास घेत नाहीत हो."

"नको घेऊ देत."

"आणि परत कोकम पाजलंस म्हणजे?"

"परीक्षा घ्या माझी."

हे ऑफिसातून रिटायर झालेले. परीक्षा, तपासणी, अटी म्हटलं की अंगात येतं. ताठ बसले. "तीच चढण. हीच सीडी, पूर्ण आवाजात. एकदा जरी इंजिन रडलं नाही तर किंचाळलं, तर प्लेअर खणात आणि जन्मभर कीर्तन."

"आणि नाही रडलं तर प्लेअर मधे आणि कुलूप भंगारात."

"चालेल."

आता प्रश्न होता सरावाचा. कान गेले की मी गाडी कशाने चालवणार? उत्तर मला एकदा चप्पल घरी विसरले तेव्हाच मिळालं होतं. अनवाणी पायाला गाडी सांगते. रडायच्या आधी ती तळपायाखाली लटपटते, आणि किंचाळायच्या आधी बारीक झिणझिणते, मुंग्या आल्यासारखी. कानापर्यंत पोचायच्या आधी पायाला कळतं. पण ते गोंगाटात जमतं का, हे बघायला हवं होतं, आणि गोंगाटाची किल्ली ह्यांच्या खिशात. मग मी स्वतःच गोंगाट झाले. भाजीला म्हणून एकटी निघायचे, काचा वर करायचे, आणि गळा काढून गात चढ चढायचे. जाखडीचे शब्द पुरले नाहीत की शाळेतल्या कविता, आरत्या, पाढेसुद्धा. एकोणतीसचा पाढा चढणीला फार चांगला. एकदा बसथांब्यावरच्या बायका माझ्याकडे बघून आपापसात काहीतरी बोलल्या. संध्याकाळी हे म्हणाले, "तुझी तब्येत बरी आहे ना? कोणीतरी विचारत होतं."

परीक्षेच्या दिवशी हे शर्ट खोचून आले. मांडीवर पाण्याची भलीमोठी बाटली.

"ही कशाला?"

"रेडिएटरला. तुझं औषध नको."

मी चपला काढून सीटखाली सारल्या. आऱ्याला पोचलो. चढणीच्या तोंडाशी ह्यांनी खिशातून किल्ली काढली, खण उघडला, सीडी आत सरकवली आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायला गेले. फिरेना. वर्षानुवर्षं बुवांच्याच आवाजावर बसलेलं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा फिरलं, आणि गाडीत एकदम ढोलकी कोसळली.

मी पहिला टाकला आणि चढू लागले. इंजिन नावाची वस्तू जगात आहे की नाही तेही कळेना. काचा थरथरत होत्या. तळपाय मात्र शांतपणे सांगत होता, अजून नाही, अजून नाही, आता. दुसरा टाकला. डोळ्याच्या कोपऱ्यातून ह्यांच्याकडे पाहिलं. मान वाकडी करून, कान बॉनेटाकडे लावून, गिधाडासारखे टपून बसले होते.

पहिलं वळण गेलं. गायकाने नमन संपवलं आणि कोडं घातलं. पुराणातलं, अडचणीचं. ह्यांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, इंजिन ऐकू येतंय वाटतं ह्यांना! तर हे पुटपुटले, "सोपं आहे."

"काय?"

"काही नाही. रस्ता बघ."

ढोलकी वाढली. ह्यांचं एक बोट खणाच्या झाकणावर वाजू लागलं. मग चार बोटं. मग सगळा तळवा. पुढची चढण उभी होती, तळपायाखाली गाडी लटपटायला लागली, मी झटकन पहिला घातला. ती सावरली. तेवढ्यात सीडीतला दुसरा गायक उत्तर द्यायला उभा राहिला आणि त्याच्या आधीच, त्याच्याहून मोठ्याने, माझ्या शेजारून उत्तर आलं. सुरात! मी ह्यांच्याबरोबर अर्धं शतक काढत आले, पण ह्यांच्या तोंडून मी आरतीपलीकडे काही ऐकलं नव्हतं. आवाज चिरका, पण ठेका पक्का. आणि खाली पाय. दोन्ही पाय. गाडीच्या पत्र्यावर असे आपटत होते की माझ्या तळपायालाच कळेना, ही गाडीची थरथर की ह्यांची.

हे मात्र मी धरलं नव्हतं. बोटं वाजतील, फार तर मान हलेल, लक्ष थोडं उडेल, एवढाच माझा बेत. माणूस पुरता गोलात उतरला. आता कानही गेले आणि पायही गेले. शेवटचं वळण समोर, कडेला खाली समुद्र, मागे एक टेम्पो. मी स्टिअरिंगवरचा हात घट्ट केला. तळव्याला बारीक झिणझिण आली. ही नक्की गाडीची, हे नाचतायत ते खाली, हातात नाही. दुसरा टाकला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. माथ्यावर सपाटी आली तेव्हा तिसरा टाकून मी बाजूला घेतली आणि थांबवली.

ढोलकी चालूच होती. हे अजून शेवटचं पालुपद ओढत होते. ते संपवून, धापा टाकत, घाम पुसत त्यांनी बाहेर पाहिलं. समोर सगळा समुद्र.

"अगो, चढण कुठे गेली?"

"मागे."

"गिअर कधी बदललास?"

"तुम्ही नाचत होतात तेव्हा."

ह्यांनी मागे वळून रस्ता पाहिला, मग बॉनेट पाहिलं. वाफ नाही, धूर नाही, काही नाही. मांडीवरची बाटली केव्हाच पायाशी लोळत होती. ह्यांनी ती उचलली, झाकण उघडलं आणि स्वतःच घटाघटा प्यायले.

"ताईने सांगितलं ना तुला?" मग म्हणाले.

"काय?"

"काही नाही." आणि हसले. मग खिशात हात घालून ती एवढीशी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मिरजोळ्याला गाडीच्या वायरिंगचं काम करणारा एक माणूस आहे. दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या दारात. त्याने खण उघडून आत डोकावलं.

"काकी, हे पुरातन काढून टाकू ना? मस्त मोठा स्क्रीन बसवतो. रिव्हर्सला मागचं सगळं दिसेल."

"मागचं मी बरंच बघितलंय. हाच प्लेअर काढ आणि ह्या मधल्या भोकात बसव."

"एवढ्यासाठी आलात? हातभर तर सरकवायचाय!"

"हातभरच. पण सरकायला वीस वर्षं लागली."

त्याने मधल्या भोकात हात घातला आणि मूठभर सुपारीचा चुरा काढला. मग खणातून प्लेअर सोडवला, लांबवलेल्या वायरी कापून आखूड केल्या, पट्टी ठोकून प्लेअर मधे घट्ट बसवला. खणाचं कुलूप त्याने विचारून काढलं, आणि मी ते विचारून मागून घेतलं. येताना कचऱ्याच्या पेटीत टाकलं. भंगारवाल्यापर्यंत धीर नव्हता.

"बघा काकी, हात पोचतो का?"

मी डावा हात पुढे केला. पोचला. गिअरवरून उचलायचा की बटणावर. मी सीडी घातली, आवाज मोठा केला, मग आणखी मोठा केला. तो माणूस कानावर हात ठेवून हसत बाजूला झाला.

घरापर्यंतचा रस्ता मी काचा खाली घेऊन आले. ह्या वेळी कोणी थबकावं म्हणून नव्हे. थबकलेच दोघे-तिघे, पण मला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती. ढोलकी होती, घुंगरं होती, रस्त्याला बेताचा उतार होता, आणि पायाखाली गाडी खुशीत होती. एक कोडं आवडलं म्हणून मी ते मागे घेऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा. माझ्या हाताने.

आमच्या वाडीच्या कोपऱ्यावर वळले तर हे अंगणाचं बेडं उघडून, फाटकाची दोन्ही दारं हातांनी धरून उभे. माझ्या आधी गाणं पोचलं होतं.

"अख्ख्या वाडीला ऐकू येतंय!" हे ओरडले. ओरडत होते, पण एक टाच ठेक्यात हलत होती.

मी आत वळण्यासाठी गाडी हळू केली. मग समोरचा मोकळा रस्ता पाहिला, दुसरा गिअर टाकला आणि बेड्यासमोरून तशीच पुढे निघाले.

"अगो, कुठे निघालीस?"

"गाणं संपलं की येते!" मी खिडकीतून ओरडले, आणि तिसरा टाकला.